जुन्या बॅटरीचे दुसरे आयुष्य

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. नुकसानीची माहिती तालुक्याला कळवावयाची, आजाऱ्यासाठी वाहन बोलवावयाचे, मुंबईतील मुलाला खुशाली सांगावयाची, तर मोबाईल हवा. मोबाईल घरोघरी होते. परंतु मनोरे पुन्हा सुरू होऊ लागले तरी ते चार्ज कोठे करावयाचे, हा प्रश्न उरलाच. अशा प्रसंगी उपयोगी पडणारे एक साधन आज आपल्या रस्त्यांवरच धावत आहे. ते म्हणजे विजेवर चालणाऱ्या वाहनांची बॅटरी.

निवृत्त, पण निकामी नव्हे

लिथियम-आयन बॅटरीची साठवणक्षमता वापराबरोबर आणि वयाबरोबर हळूहळू कमी होते. ती मूळच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली की वाहन पूर्वीइतके दूर जात नाही व बॅटरी बदलावी लागते. परंतु एका जागी ठेवून करावयाच्या कामात वजनाची वा वेगाची अडचण नसते. म्हातारा बैल नांगराला जुंपत नाहीत. पण हलक्या कामाला तो आणखी काही वर्षे चालतो, तसेच हे आहे.

ही केवळ कल्पना नव्हे. आयबीएम कंपनीच्या भारतातील संशोधकांनी २०१४ मध्ये टाकाऊ लॅपटॉप बॅटऱ्यांतील चांगले घट निवडून त्यांवर दिवा, लहान पंखा व मोबाईल चालवून दाखविला. ‘नुनाम’ या संस्थेने ऑडी मोटारींच्या वापरलेल्या बॅटऱ्या ई-रिक्षांना बसविण्याचा प्रकल्प २०२२ मध्ये जाहीर केला. रिक्षातून निघाल्यावर त्याच बॅटऱ्या दिव्यांसाठी वापरावयाच्या, अशी त्यातील योजना होती.

फळ्यावर मांडण्याजोगा हिशेब

एका विद्युत स्कूटरची नवी बॅटरी सुमारे ३ युनिट वीज साठविते, असे धरू. तिची क्षमता ७५ टक्के उरली, तर २.२५ युनिट हाती राहतात. बॅटरी पूर्ण रिकामी करणे हितावह नसल्याने त्यातील ८० टक्केच वापरावयाचे ठरविले, तर १.८ युनिट, म्हणजे १८०० वॉट-तास मिळतात. आजचा एक मोबाईल पूर्ण चार्ज होण्यास, मधली घट धरून, सुमारे २५ वॉट-तास लागतात. म्हणजे एका जुन्या बॅटरीवर सुमारे ७० मोबाईल चार्ज होतील. ५०० वॉटचे सौर पॅनेल निरभ्र दिवशी साधारण २ युनिट वीज देते. तेवढ्यात ही बॅटरी जवळजवळ पुन्हा भरते. पावसाळ्यात ऊन मिळणार नाही. म्हणून वादळाची सूचना मिळताच, वीज असतानाच बॅटरी भरून ठेवावी.

धोका कोठे आहे

काटकसरीच्या भरात एक गोष्ट विसरून चालणार नाही. लिथियम-आयन बॅटरीत बिघाड झाल्यास ती पेट घेते, तिचा धूर विषारी असतो आणि विझल्यासारखी वाटणारी आग पुन्हा भडकू शकते. मोटारीच्या बॅटरीतील विद्युतदाब कित्येक शे व्होल्टचा असतो व तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून बॅटरी उघडणे, प्रत्येक घटाची क्षमता तपासणे व सारख्या क्षमतेचे घट एकत्र बांधणे हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच काम होय. फुगलेली, पुरात बुडालेली किंवा अपघातग्रस्त वाहनातील बॅटरी मुळीच घेऊ नये. अतिभार व अतिउष्णता होताच प्रवाह तोडणारी नियंत्रण यंत्रणा बॅटरीला असलीच पाहिजे. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियम बॅटरीला लावणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

ग्रामपंचायतीची जबाबदारी

केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम जारी केले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनर्चक्रण वा नूतनीकरण घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नूतनीकरण करणाऱ्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. म्हणून ग्रामपंचायतीने भंगारातून स्वस्त बॅटरी न घेता नोंदणीकृत व्यावसायिकाकडूनच ती घ्यावी. उरलेल्या क्षमतेचा चाचणी-अहवाल, हमीपत्र आणि आयुष्य संपल्यावर ती परत नेण्याचे लेखी आश्वासन या तीन गोष्टी मागाव्यात. बॅटरी हवेशीर, कोरड्या, पुराच्या पातळीहून उंच आणि निजण्याच्या खोल्यांपासून दूर अशा जागी ठेवावी. तिची देखरेख एका नेमलेल्या व्यक्तीकडे सोपवावी.

दुसरे आयुष्यही एक दिवस संपतेच. त्या दिवशी ही बॅटरी उकिरड्यावर न जाता पुनर्चक्रण केंद्रात पोहोचली, तरच या योजनेचे वर्तुळ पूर्ण झाले असे म्हणता येईल. संकटाच्या रात्री गावाचा आवाज बाहेर पोहोचविणारे हे साधन आहे. परंतु त्याची तयारी संकटापूर्वी आणि नियमानुसारच व्हावयास हवी.