ग्रामीण वीज सहकारी संस्था : उगम आणि कारभार

साठी ओलांडलेल्या आपल्या व्यापारी बांधवांस रेशनच्या दुकानातील तो अमेरिकन लाल गहू आणि मिलो ज्वारी अजून आठवत असेल. 'पी. एल. ४८०' हे नाव त्या काळी घरोघरी ठाऊक होते. त्या धान्याच्या किमतीपोटी भारतात जमलेल्या रुपयांपैकी १०५ कोटी पुढे खेड्यांतील विजेकडे वळले, हे मात्र थोड्यांसच ठाऊक आहे. २५ जुलै १९६९ रोजी ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले, ते या निधीचा आधार घेऊन.

मूळ कल्पनाही अमेरिकेतीलच. १९३५ साली तेथील शंभर शेतकऱ्यांपैकी जेमतेम दहांच्या घरी वीज होती. मैलामागे दोन-तीन गिऱ्हाइकांसाठी खांब रोवण्यास खाजगी कंपन्या तयार नव्हत्या. व्यापारी या नात्याने त्यांचे अगदीच चुकले असे मला म्हणवत नाही. त्या वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्वतंत्र खाते काढले, १९३६ साली कायदा झाला आणि शेतकऱ्यांनी सहकारी संस्था स्थापून सरकारी कर्जावर तारा ओढल्या. या संस्थांत विजेचा वापर कितीही असो, सभासदास मत एकच. वर्षअखेरची शिल्लक ज्याने जितकी वीज घेतली त्या प्रमाणात त्याच्या नावे जमा होते. संस्था ती काही वर्षे भांडवल म्हणून वापरते आणि मग परत करते. गिऱ्हाईक तोच मालक, आणि त्याचे खाते वहीत स्वतंत्र!

आपल्याकडे अमेरिकन तज्ज्ञांच्या साहाय्याने प्रथम पाच संस्था निघाल्या: आपल्या बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी, अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा, सिरसिल्ला, कोडिनार व लखनौ. या संस्था वीज निर्माण करीत नसत. वीज मंडळाकडून घाऊक घेऊन सभासदांस किरकोळ विकीत. धंदा आपल्यासारखाच, परंतु एक मोठा फरक होता. खरेदीचा भाव संस्थेच्या हाती नाही, विक्रीचाही नाही. शिवाय शेतीपंपांस बहुधा मीटर नसून अश्वशक्तीवर ठोक आकारणी. माल मापल्याविना विकावयाचा आणि मापून घेतल्याचे पैसे भरावयाचे, अशी पेढी किती दिवस चालेल? मुळा-प्रवरेची मंडळाकडील थकबाकी वाढतच गेली. अखेर ३१ जानेवारी २०११ रोजी तिचा परवाना संपला व वितरण महावितरणकडे गेले. हुक्केरी व सिरसिल्ला येथील संस्था मात्र आजही चालू आहेत. संचालकांची निवड तेथे सभासदच मतदानाने करतात.

हुक्केरी तालुक्यातील माझे एक जुने गिऱ्हाईक या निवडणुकीत न चुकता मत देते. संस्थेचा ताळेबंद कधी वाचला काय, असे मी त्यास विचारले. तो हसून म्हणाला, "शेटजी, दिवा लागला म्हणजे झालं." आमच्या पेढीवरील आपले खाते मात्र तो दर दिवाळीस ओळ न ओळ तपासून घेतो.