भाऊ सापडेना, भावजय सापडली

गेल्या वर्षी प्रकल्पासाठी मी माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. आजी मुळशीकडची. तीन वह्या भरल्या, त्या संगणकावर चढवल्या. मित्राने ‘ग्रेप’ नावाचे शोधसाधन दाखवले. ‘आई’ आणि ‘भाऊ’ हे दोन शब्द मोजले आणि निबंधात ठोकून दिले, की आजीच्या ओव्यांत आईच्या मानाने भावाला स्थान फारच थोडे. सरांनी वही चाळली आणि दोन मिनिटांत माझ्यापुढे बोट ठेवले : ‘भावाला’, ‘भावाच्या’, ‘भावांनी’. यातले एकही यंत्राने मोजले नव्हते. मी ‘भाऊ’ मागितला होता, त्याने ‘भाऊ’च दिला होता.

खरी गंमत पुढे आहे. विभक्ती लागली तरी आई आईच राहते : आईला, आईचे. भाऊ मात्र सामान्यरूपात ‘भावा’ होतो. म्हणजे माझ्या निष्कर्षात आजीची माया नव्हती, नुसते व्याकरण होते!

ग्रेप हे साधन केन टॉम्पसन यांनी 1973 च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिहिले. आज्ञेत शोधायचा शब्द द्यावयाचा आणि त्याआधी आडवी रेघ व एक अक्षर लिहून पर्याय सांगावयाचा. ‘आय’ लिहिले की इंग्रजीतील लहान-मोठ्या लिपीचा भेद सोडला जातो. देवनागरीत तो भेदच नाही, तेव्हा हा पर्याय आपल्याला निरुपयोगी. ‘डब्ल्यू’ लिहिले की फक्त स्वतंत्र शब्द धरला जातो, मग ‘आईला’सुद्धा सुटते. मला भोवला तो ‘सी’. तो ओळी दाखवत नाही, नुसता आकडा देतो. तोही शब्दांचा नव्हे, ओळींचा. ओळी डोळ्यांपुढे असत्या तर मी फसलो नसतो.

मग ‘भाव’ एवढेच शोधले. ‘भावाला’, ‘भावाच्या’ ही रूपे आली, पण भावजयही आली, भावनाही आली, आणि बाजारभावही आला. ‘भावा’ दिले तर ‘स्वभावाला’ आत शिरला.

हा पेच आपल्या पुण्यात संगणकाच्या आधीच सोडवलेला आहे. डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे काम सु. मं. कात्रे यांनी 1948 साली सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तेथे हाताने लिहिल्या गेल्या. ग्रंथात ‘राज्ञः’ आढळले तरी कोशकाराची चिठ्ठी लागते ती ‘राजन्’पाशी. रूप ओळखण्याचे काम माणसाने लिहितानाच केलेले असते, म्हणून शोधणाराला पुढे सोपे जाते.

मराठीसाठी शोधसाधन करावयाचे तर मी तीन पर्याय मागेन. एक सामान्यरूपाचा : ‘भाऊ’ म्हटले की ‘भावा-’ने सुरू होणारी विभक्तिरूपेही यावीत, ‘विहीर’ म्हटले की ‘विहिरीवर’ही. दुसरा ऱ्हस्व-दीर्घ भेद सोडण्याचा. तिसरा ‘न’ आणि ‘ण’ एक मानण्याचा, कारण आजी ‘पानी’च म्हणते.

मित्राचे मत पडले, की हे तिन्ही आपोआप चालू असावेत, लोकांना पर्याय लिहिण्याचा कंटाळा असतो. मला हे पटत नाही. बोलीचा अभ्यास करणाऱ्याला ‘पानी’ आणि ‘पाणी’ वेगळेच हवेत. यंत्राने गुपचूप दोन्ही एक केले, तर ज्यासाठी ओव्या जपल्या तेच पुसले जाईल. तेव्हा मूळ शोध अक्षरशः असावा, सैल करावयाचा तो सांगून, आणि उत्तराच्या माथ्यावर यंत्राने काय काय एक धरले ते छापावे. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जमवलेल्या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. तिथे वही चाळून चूक दाखवणारे सर कोठून आणणार?

सध्या मी ओव्या पुन्हा मोजतो आहे, या वेळी ओळी समोर ठेवून. भावजय वगळत होतो, तर आजी म्हणाली, “अरे, ती भावावर रुसूनच तर म्हटलीय!” आता त्या ओव्यांचा वेगळा रकाना केला आहे.