ट्रेबुशे : दगड फेकणारी तरफ

1304 साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग किल्ल्याला वेढा घालून बसला होता. तिथे त्याने 'वॉरवुल्फ' नावाचं प्रचंड ट्रेबुशे, म्हणजे दगड फेकणारं यंत्र, बांधून घेतलं. आतले लोक शरण यायला तयार झाले, तरी राजाने आधी यंत्र चालवून पाहिलं, मगच शरणागती स्वीकारली! या यंत्रात दारूगोळा नाही, मग एवढी ताकद येते कुठून?

वजनातून. ट्रेबुशे ही पहिल्या प्रकारची तरफ. मध्ये टेकू, आखूड बाजूला जड पेटी, लांब बाजूला दगड. एरवी पहारीने आपण धोंडा हलवतो तेव्हा कमी बलात जड काम करायचं असतं. इथे उलटं आहे. बल भरपूर आहे, हवाय तो वेग. लांब बाजू आखूड बाजूच्या चौपट असेल, तर तिचं टोक चौपट वेगाने फिरतं.

आता हिशोब करू. g = 10 धरा. 1000 किलोग्रॅमची पेटी 3 मीटर खाली आली, तर

स्थितिज ऊर्जा = mgh = 1000 × 10 × 3 = 30,000 ज्यूल

ही ऊर्जा माणसांनी लांब टोक खाली ओढून पेटी वर चढवताना हळूहळू साठवलेली असते. यंत्र स्वतः एक ज्यूलही निर्माण करत नाही. 'तरफेमुळे ऊर्जा वाढते' असं उत्तरपत्रिकेत दरवर्षी कोणीतरी लिहितंच! ही सगळी ऊर्जा 50 किलोग्रॅमच्या दगडाला मिळाली, तर ½mv² वरून v² = 1200, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे 35 मीटर. 45 अंशात फेकल्यास अंतर v²/g = 120 मीटर. दगड दुप्पट जड घेतला की अंतर निम्मं, 60 मीटर. प्रत्यक्षात ते आणखी कमी भरतं, कारण बरीच ऊर्जा झुलणाऱ्या पेटीत आणि दांड्यात राहते, थोडी घर्षणात जाते.

खरी गंमत दांड्याच्या टोकाला आहे. तिथे चक्क गोफण बांधलेली असते! शेतात पाखरं हाकायला वापरतात तशीच. दोरीमुळे फिरण्याची त्रिज्या वाढते, दगडाचा वेगही वाढतो. गोफणीचं एक टोक पक्कं, दुसरं आकड्यात नुसतं अडकवलेलं. ठरावीक कोनात ते आपोआप निसटतं. लवकर निसटलं तर दगड उंच जाऊन जवळच पडतो, उशिरा निसटलं तर समोर जमिनीत आदळतो.

घरी करून बघा. पेन्सिलीवर पट्टी आडवी ठेवा, लांब टोकावर खोडरबर. आखूड टोकावर दर वेळी त्याच उंचीवरून एकच जड वस्तू सोडा. मग पेन्सिल थोडी थोडी सरकवत अंतर मोजा. सगळ्यात लांब कधी गेला, ते वहीत लिहून आणा.