सकाळचा रिपोर्ट, संध्याकाळची शुगर

स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना शुगर वाढली, की पहिला प्रश्न ठरलेला: गोड फार खाता का? या प्रश्नाची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही, कारण तो पेशंटलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. प्रेडनिसोलोन म्हणजे आपल्याच शरीरातल्या कॉर्टिसॉल या हार्मोनची नक्कल. शरीर दिवसाला जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. दम्याच्या जोरदार झटक्यात रोज ४० मिलिग्रॅम दिलं, की सगळा हिशेबच बदलतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायूंचं. इन्सुलिनचा सांगावा आला, की स्नायूपेशींमधले साखरवाहक वर येऊन साखर आत ओढतात. स्टेरॉइडमुळे हा सांगावा नीट पोचत नाही. शिवाय स्नायूंमधलं प्रथिन मोडून त्यातली अमिनो आम्लं यकृताकडे जातात आणि यकृत त्यांचीच साखर करून रक्तात सोडतं. जिलेबीला हातही न लावता.

आता तपासणी बघा. गोळी सकाळी घेतली, तर शुगर चढते ती दुपारनंतर. रात्रभरात ती बरीच उतरते. आपण मात्र उपाशीपोटी रक्त देऊन येतो, आणि रिपोर्टवर नॉर्मल लिहून येतं. एचबीए१सी तर मागच्या सुमारे तीन महिन्यांचा अंदाज. पहिल्या काही आठवड्यांत तोही गाफील ठेवतो. स्नायूंचंही तेच. गोळ्या दीर्घकाळ चालल्या की आधी मांड्या आणि खांदे कमजोर होतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, एसटीची पायरी उंच वाटते, फळीवरचा डबा काढताना हात भरून येतो. दुखत मात्र नाही, आणि स्नायूंसाठीची रक्ततपासणीही बहुधा ठीक येते. मग हे सगळं वयाच्या खात्यावर जमा होतं.

यावर म्हणतात, स्टेरॉइडनं जीव वाचतात. वाचतातच. कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामिथासोननं कमी झाले, हे २०२० मध्येच सिद्ध झालं. पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा दिसला नव्हता, हेही त्याच अभ्यासात होतं. तरी औषध सर्रास दिलं गेलं, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रानं काळ्या बुरशीचे रुग्ण पाहिले. त्यांतल्या अनेकांची शुगर हाताबाहेर गेलेली होती. दुसरा आक्षेप, तुम्हाला मधुमेह होणारच होता, गोळीनं तो फक्त उघड केला. असेलही. मग तर पहिल्या दिवसापासून शुगर बघायला हवी होती. तिसरा, सांगितलं तर लोक घाबरून गोळी सोडतील. उलट, न सांगितल्यानंच सोडतात. आठवड्यामागून आठवडे बाहेरून हार्मोन मिळालं की अधिवृक्क ग्रंथी आपलं काम थांबवते, आणि गोळी एकदम तोडली तर जीवावर बेततं, हे कुणी समजावलेलंच नसतं.

म्हणून गोळी स्वतःहून कधीच बंद करू नका. ग्लुकोमीटर घ्या आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, तसंच रात्रीच्या जेवणाआधी शुगर बघून वहीत लिहा. ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवा. आहार सांभाळा. चालाच, पण खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सरावही करा, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर उचलतो. आणि स्टेरॉइडचा डोस उतरू लागला, की मधुमेहाचं औषध किती कमी करायचं हे त्याच भेटीत विचारून घ्या. नाहीतर तीच शुगर धाडकन खाली येते.