जीपच्या पुढील चाकाचें बेअरिंग बदलणें

पुरंदरचीं अंजिरें दिवे घाटानें पुण्याच्या गुलटेकडी बाजारांत नेतांना पुढील चाकाचें बेअरिंग तुटल्यास माल व माणसें दोन्ही संकटांत सांपडतात. महिंद्र कंपनीच्या जुन्या, चारही चाकांनीं ओढणाऱ्या जीपमध्यें पुढील प्रत्येक चाकाच्या तुंब्यांत म्हणजे हबांत निमुळत्या रुळांचीं दोन बेअरिंगें असतात. ओढ्याचें पाणी झिजलेल्या सीलमधून आंत शिरलें कीं तीं गंजतात. उचललेलें चाक फिरवितांना घरघरलें अथवा हलवितांना डुललें, तर तीं तपासावीं.

मागील चाकांस उटी लावून पुढील आंस जॅकनें उचलावा व त्याखालीं भक्कम ठोकळा द्यावा. चाक काढावें. चाकास गति देणारा दांडा हबांतून जात असल्यानें प्रथम त्याची बाहेरील फ्लँज सोडवावी. मग बाहेरील नट, वॉशर व आंतील नट काढून हब उतरवावा. रुळांचा संच व त्याचा कप एकमेकांशीं घासून जुळलेले असतात. यास्तव दोन्ही नवे घालावे. सीलहि बदलावें. रुळांत ग्रीस दाबून भरावें.

हब चढविल्यावर तो फिरवीत, जड होईपर्यंत आंतील नट आवळावा आणि सुमारें 1/6 फेरा सैल करावा. नंतर नवा वॉशर घालून बाहेरील नट आवळावा व वॉशरची कड नटावर दुमडावी.

फार आवळलेलें बेअरिंग तापून जळतें, सैल राहिलेलें लवकर झिजतें. म्हणून आठ-दहा किलोमीटर चालवून हबास हात लावून पाहावा. चटका बसल्यास नट पुन्हा तपासल्याविना घाटाची वाट धरूं नये.