आच चढतानाच आवरा

अटलांटाच्या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी सिरॅमिकची कोळशाची शेगडी घेतली, तेव्हा त्यांचा बेत सरळ होता. डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा रात्री जाळीवर चढवायचा, सकाळी उतरवायचा आणि दुपारी पाहुण्यांना वाढायचा. त्या शहरात ही हौस जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी तिथल्या भात शिजवायच्या मातीच्या चुली घरी आणल्या. पुढे १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटातच ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी सुरू केली आणि अंड्याच्या आकाराची ही शेगडी घरोघरच्या अंगणात गेली.

संध्याकाळी या गृहस्थांनी कोळसा तीन-चार ठिकाणी पेटवला, खालची आणि वरची झडप सताड उघडी ठेवली आणि ते मसाला चोळायला आत गेले. बाहेर येऊन पाहतात तो झाकणावरचा काटा ३५० अंश फॅरनहाइटच्या पुढे! हवे होते २२५ ते २५०, म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण १०७ ते १२१. घाईघाईने दोन्ही झडपा घट्ट बंद झाल्या. काटा ढिम्म. ‘उतरेल हळूहळू’ म्हणत त्यांनी मांस ठेवले आणि ते झोपायला गेले. पहाटे शेगडी कोमट होती, कोळसा विझलेला, मांस वरून काळे आणि आत अर्धेकच्चे. ४० ते १४० अंश फॅरनहाइट या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून तो तुकडा टाकून द्यावा लागला. पाहुण्यांनी पिझ्झा खाल्ला.

दोष शेगडीच्या जाड भिंतींचा नव्हता; त्यांचा स्वभाव ध्यानात घेतला नाही, एवढेच. गॅस बंद केल्यावरही खापराचा तवा भाकरी करपवतो, तशी ही भिंत प्यायलेली उष्णता सावकाश परत देते. त्या रात्री कोळशाचा श्वास कोंडला होता, पण भिंतीतल्या उष्णतेमुळे काटा वरच राहिला. भिंत निवली तेव्हा खाली विस्तव उरलाच नव्हता.

म्हणून इथे तापमान चढत असतानाच आवरायचे असते. कोळसा मध्यभागी एकाच जागी पेटवावा. काटा हव्या आकड्याच्या ३०-४० अंश अलीकडे आला की दोन्ही झडपा आवळायला लागाव्यात आणि शेवटी खालची जेमतेम बोटभर, वरची फटीएवढी ठेवावी. प्रत्येक बदलानंतर दहा-पंधरा मिनिटे हात मागे. चुळबुळ्या माणसाला हेच सर्वांत जड जाते. काटा स्थिरावल्यावरही भिंती नीट तापेपर्यंत तासभर थांबून मग मांस चढवले, तर रात्री उठावे लागत नाही.

मंद आच हवी म्हणून कोळसा कमी घालणे हा आणखी एक गैरसमज. आच ठरते ती हवेवर. कोळसा भरपूर भरावा, मोठे तुकडे तळाशी ठेवावेत आणि आधीची राख काढावी. राखेने खालची भोके बुजली तर झडप उघडी असूनही विस्तव गुदमरतो. पेटवायला रॉकेलसारखे द्रव नकोच, सिरॅमिक त्याचा वास धरून ठेवते. धूर दाट पांढरा असेतो मांस ठेवू नये. पातळ, निळसर झाला की ठेवावे, नाहीतर कडवट चव लागते. निखारे आणि जाळी यांच्यामध्ये सिरॅमिकची आडवी थाळी हवी, नाहीतर खालून थेट धग लागते.

झाकणावरच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तो उकळत्या पाण्यात धरून तपासावा. समुद्रसपाटीला १०० सेल्सिअस, म्हणजे २१२ फॅरनहाइट दाखवायला हवा. शिवाय घुमटातले आणि जाळीवरचे तापमान, विशेषतः सुरुवातीला, वेगळे असू शकते.

मांसात खुपसलेला दुसरा काटा १५०-१७० फॅरनहाइटच्या दरम्यान तासन्‌तास अडतो. पृष्ठभागावरून बाष्प होऊन उडणारे पाणी मांसाला थंड करत असते; आपल्या अंगावरचा घामही हेच काम करतो. इथे झडप उघडण्याचा मोह होतो. त्याऐवजी मांस फॉइलमध्ये गुंडाळावे किंवा गप्प बसावे. काटा २००च्या आसपास आला आणि सळई लोण्यात शिरावी तशी आत गेली की तुकडा तयार.

एक धोका मात्र खरोखर गंभीर आहे. आच कडक असताना झडपा बंद करून झाकण झटक्यात उघडले, तर आत ताजी हवा घुसते आणि ज्वाळेचा लोट तोंडावर येतो. आधी झाकण इंचभर उचलून काही क्षण धरावे, मगच उघडावे. गॅरेजमध्ये, अगदी दार उघडे ठेवूनही, ही शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काम झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतले तर तापलेले सिरॅमिक तडकते. दोन्ही झडपा बंद केल्या की विस्तव आपोआप विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी राख झटकून पुन्हा वापरता येतो.