हडसनच्या उपसागराकाठचा उन्हाळा

प्रस्तावना

उन्हाळा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तापलेली जमीन आणि आटलेल्या विहिरी उभ्या राहतात. पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे मात्र उन्हाळा म्हणजे बर्फाखालून डोके वर काढणारे गवत, अंडी घालण्याची घाई आणि थोड्या आठवड्यांत वर्षभराचे जगणे उरकण्याची धडपड! अशा प्रदेशात दर उन्हाळ्यात तंबू ठोकून राहणाऱ्या संशोधकांचा आणि तेथील प्राण्यांचा परिचय या पाठातून होणार आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• उपध्रुवीय प्रदेशातील उन्हाळ्याचे वर्णन करू शकाल;
• क्षेत्र-संशोधन कसे चालते ते सांगू शकाल;
• दूरच्या शेतीचा निसर्गावर होणारा परिणाम कारणांसह स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या काठी चर्चिल हे छोटे गाव आहे. तेथे जाण्यास आजही रस्ता नाही. आगगाडी किंवा विमान हीच साधने. गावाच्या पूर्वेस ला पेरूज नावाची उथळ खाडी आहे. 1996 साली स्थापन झालेल्या वापुस्क राष्ट्रीय उद्यानाचा हा परिसर. ‘वापुस्क’ हा क्री या आदिवासी समाजाच्या भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘पांढरे अस्वल’ असा आहे.

हा प्रदेश ध्रुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे येथे मध्यरात्री सूर्य दिसत नाही. तरीही जूनमध्ये दिवस सुमारे 18 तासांचा असतो. जमिनीचा वरचा थर तेवढा वितळतो. खालची माती बारमाही गोठलेली राहते. त्यामुळे पाणी मुरत नाही आणि जागोजागी तळी साचतात. या तळ्यांतून डासांचे थवे उठतात. संशोधकाला जाळीची टोपी आणि अंगभर कपडे घालूनच काम करावे लागते. समुद्रावरून वारा सुटला की डास हटतात, पण थंडी अंगाला झोंबू लागते.

1968 साली फ्रेड कुक या शास्त्रज्ञांनी या खाडीकाठी हिमहंसांचा अभ्यास सुरू केला. हे हंस दोन रंगांचे असतात : काही पांढरेशुभ्र, तर काही निळसर करड्या अंगाचे. पूर्वी त्या दोन वेगळ्या जाती मानल्या जात. रंगाचा हा भेद आनुवंशिक असून जात एकच आहे, तसेच आपले आईवडील ज्या रंगाचे त्याच रंगाचा जोडीदार निवडण्याकडे पिलांचा पुढे कल असतो, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले.

अशा निष्कर्षांमागे मोठे कष्ट असतात. जूनमध्ये संशोधक चिखल तुडवीत घरटी शोधतात, अंडी मोजतात आणि नोंदवहीत टिपून ठेवतात. मादी सुमारे तीन आठवडे अंडी उबवते. त्या काळात ती फारसे खात नाही, साठवलेल्या चरबीवर निभावते. नर पहारा देतो, कारण ध्रुवीय खोकड अंडी पळवून पुरून ठेवण्यात तरबेज असते. सुरय पक्षी तर घरट्याजवळ आलेल्या माणसाच्या डोक्यावरच झेप घेऊन चोच मारतात. म्हणून चालणारे डोक्यापेक्षा उंच काठी धरतात. सुरय सर्वांत उंच वस्तूवर हल्ला करतो, ही खूण अनुभवाने कळलेली असते.

जुलैच्या अखेरीस प्रौढ हंसांची उडण्याची पिसे गळतात. पिलांनाही अजून उडता येत नसते. हीच संधी साधून संशोधक हंसांचा कळप हळूहळू जाळीच्या कोंडाळ्यात हाकतात. प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांक कोरलेले धातूचे कडे घालून त्याला सोडून दिले जाते. तोच पक्षी पुढे कोठेही सापडला, की त्या क्रमांकावरून त्याचे वय आणि प्रवास समजतो.

पाठगत प्रश्न

1. पक्ष्यांना कडे घालण्यासाठी जुलैची अखेर सोयीची का असते?
2. सुरय पक्ष्यांपासून बचाव करण्यासाठी काठीचा उपयोग कसा होतो?

मूळ पाठ (पुढे)

हंसांची नोंद ठेवता ठेवता त्यांच्या पायाखालच्या जमिनीचे दुखणे लक्षात आले. खाडीकाठी आपल्या कोकणातील खाजणासारखी, भरतीच्या पाण्याने भिजणारी गवताळ जमीन आहे. रॉबर्ट जेफरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गवताचा अभ्यास केला. उन्हाळ्यात हंस गवताचे शेंडे खातात आणि त्यांच्या विष्ठेचे खत मिळून गवत पुन्हा जोमाने वाढते. मात्र वसंतात, कोवळी पाती फुटण्यापूर्वी, भुकेले हंस मुळेच उकरून खातात. हंस थोडे होते तोवर ही हानी भरून निघत असे.

पुढे हंसांची संख्या अनेक पटींनी वाढली. तिचे कारण हजारो किलोमीटर दक्षिणेला होते. हे पक्षी हिवाळा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत काढतात. तेथे भात आणि मका यांची खतांवर पोसलेली विस्तीर्ण शेते झाली आणि कापणीनंतर सांडलेले दाणे हंसांना मुबलक मिळू लागले. उपाशी मरणारे हंस वाचले. पण उत्तरेकडील खाजण उजाड झाले. गवताचे आच्छादन गेले की मातीतील पाणी झपाट्याने वाळते आणि खालचे मीठ वर येते. अशा खारट मातीत बी रुजत नाही. संशोधकांनी उजाड जागेचे काही तुकडे कुंपणाने राखले, तरी अनेक वर्षांत तेथे गवत फारच थोडे परतले. 1999 साली अमेरिकेने हिमहंसांच्या शिकारीचे नियम सैल केले, तरी झालेली हानी सहज भरून येणारी नव्हती.

या किनाऱ्याचा खरा धनी मात्र पांढरे अस्वल. हिवाळ्यात ते गोठलेल्या समुद्रावर सीलची शिकार करते. उन्हाळ्यात बर्फ वितळला की त्याला जमिनीवर यावे लागते आणि नोव्हेंबरच्या सुमारास समुद्र पुन्हा गोठेपर्यंत ते अंगातील चरबीवर जगते. म्हणून शिबिराभोवती विजेचे कुंपण असते आणि अन्न घट्ट बंद डब्यांत ठेवले जाते. एकट्याने बाहेर पडायचे नाही, अस्वल दिसले तर पळायचे नाही, हे नियम नवख्याला पहिल्याच दिवशी शिकवले जातात. आवाजाच्या फटाक्यांनी अस्वल बहुधा दूर जाते. बंदूक जवळ असते. ती न वापरता परतणे हीच संशोधकाची प्रतिष्ठा!

तापमानवाढीमुळे बर्फ लवकर वितळू लागला, तशी अस्वलेही किनाऱ्यावर लवकर येऊ लागली. काही अस्वले हंसांची अंडी फस्त करताना आढळली. रॉबर्ट रॉकवेल आणि सहकाऱ्यांनी त्याची नोंद केली. या अन्नावर अस्वले तग धरतील काय, असा प्रश्न त्यातून पुढे आला. 2019 ते 2022 या काळात याच किनाऱ्यावरील 20 अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बसवून सुमारे तीन आठवडे निरीक्षण केले गेले. कोणी फळे खाल्ली, कोणी पक्षी खाल्ले, कोणी केवळ पडून राहिले; तरी 19 अस्वलांचे वजन घटले. पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांची अंदाजे संख्या 2016 मध्ये 842 होती. 2021 मध्ये ती 618 भरली.

ऑगस्टअखेरीस पिले उडू लागतात आणि हंसांच्या रांगा दक्षिणेकडे वळतात. संशोधकही तंबू आवरतात. त्यांच्याबरोबर जातात त्या नोंदवह्या. एका उन्हाळ्याची नोंद फारसे सांगत नाही. परंतु अशा अनेक उन्हाळ्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हाच मक्याचे शेत, हंसाची भूक आणि उजाड खाजण यांतील नाते उलगडले.

शब्दार्थ

उपध्रुवीय – ध्रुवीय प्रदेशालगतचा
खाजण – भरतीच्या पाण्याने भिजणारी खारी जमीन
खोकड – कोल्ह्याच्या कुळातील लहान प्राणी
आनुवंशिक – आईवडिलांकडून पिढीजात आलेले

स्वाध्याय

1. हंसांची संख्या वाढल्यामुळे खाजण कसे उजाड झाले, ते क्रमाने लिहा.
2. ‘ती न वापरता परतणे हीच संशोधकाची प्रतिष्ठा’ या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
3. ‘फस्त करणे’ व ‘तग धरणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
4. उपक्रम : घराजवळील एखादे झाड किंवा तळे निवडा. तेथे येणाऱ्या पक्ष्यांची महिनाभर रोज ठरावीक वेळी नोंद करा व तुम्हाला काय आढळले ते दहा ओळींत लिहा.